टीममध्ये एकच युएक्स डिझायनर असेल तर काम कसं करावं?

कोराकागद

नमस्कार मंडळी. ग्राफिक डिझाइन सोडून युएक्समध्ये (म्हणजे वापरणाऱ्याचा अनुभव घडवण्याच्या कामात) आले आणि आता एका सॉफ्टवेअर टीममध्ये एकटीच डिझायनर आहे. प्रॉडक्ट ऑफिसच्या आतल्या कामाचं आहे: अर्ज भरणं, मंजुऱ्या देणं, रिपोर्ट काढणं. दिसायला रुक्ष, पण लोक दिवसभर त्याच्यासमोर बसलेले असतात. फिग्मा (स्क्रीन डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) व्यवस्थित येतं, कोर्सही झालेत. अडतं ते भलतीकडेच.

एक, काम येतं तेच "ही स्क्रीन जरा चांगली करून दे" म्हणून. काय बनवायचं ते आधीच ठरलेलं असतं, मी फक्त रंगरंगोटी करायची. दोन, मी दिलेलं डिझाइन आणि बनून आलेली स्क्रीन शेजारी ठेवली तर एकाच प्रॉडक्टच्या वाटत नाहीत. तीन, युजरशी बोलायचंय म्हटलं की "त्यांना काय हवंय ते आपल्याला माहितीये" हे ठरलेलं उत्तर.

प्रोसेसच्या आकृत्या भरपूर पाहून झाल्यात. जे हे काम खरंच करतात त्यांनी सोमवार ते शुक्रवार काय करता ते सांगा.

वाचनमात्र

वाचतेय. तिन्ही मुद्दे माझ्याच ऑफिसमधून उचललेत की काय!

आडवीरेघ

तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे दोन बरेचसे त्यावर अवलंबून आहेत.

परवानगी मागत बसू नका. "रिसर्च" म्हटलं की समोरच्याला महिनाभराचं काम आणि खर्चाचा आकडा दिसतो. त्यापेक्षा सपोर्ट टीमकडे जाऊन बसा. आलेल्या तिकिटांमध्ये, म्हणजे युजरच्या नोंदवलेल्या तक्रारींमध्ये, "चुकून", "दिसत नाही", "कुठे गेलं", "परत कसं" असे शब्द टाकून शोधा. दुपारभरात एवढा माल मिळतो की पुढचे दोन महिने विषयांची टंचाई पडत नाही. शिवाय हे पुरावे कंपनीच्याच खात्यातले, त्यामुळे "तुला असं वाटतं" म्हणून कोणी उडवून लावू शकत नाही.

दुसरं म्हणजे, संधी मिळेल तेव्हा युजरच्या टेबलाशेजारी बसा आणि स्क्रीन सोडून बाकी सगळं बघा. मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली कोडची चिठ्ठी, शेजारी उघडी असलेली स्वतःची एक्सेल शीट, नंबर उतरवून घ्यायला ठेवलेली वही. तुमचं सॉफ्टवेअर जिथे कमी पडलंय तिथेच माणसाने जुगाड केलेला असतो. "तुम्हाला काय अडचण येते?" या प्रश्नावर तोच माणूस म्हणेल "काही नाही, चांगलं चाललंय", कारण ती चिठ्ठी आता त्याला अडचण वाटतच नाही.

आणि कृपा करून "असं फीचर दिलं तर वापराल का?" हे कोणालाही विचारू नका. सगळे हो म्हणतात. "मागच्या वेळी हे काम केलंत तेव्हा कुठून सुरुवात केलीत, दाखवाल का?" एवढं विचारा आणि गप्प बसा. गप्प बसणं हे या धंद्यातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे, आणि फिग्मात त्याला शॉर्टकट नाही.

पिक्सेलपंडित

+१. फक्त एक भर: जी तिकिटं येत नाहीत त्यांचंही भान ठेवा. जे वैतागून सोडून गेले ते तिकीट टाकत नाहीत. फॉर्म अर्धवट सोडणारे लोक कुठल्या फील्डपाशी थांबतात हे ॲनालिटिक्समध्ये दिसतं. का थांबतात ते मात्र तिथे कधीच दिसत नाही.

टेस्टरकाका

मी डिझायनर नाही, आयुष्य क्यूएमध्ये (सॉफ्टवेअर तपासण्यात) गेलं. पण दुसऱ्या मुद्द्यावर अधिकाराने बोलेन, कारण डिझाइन आणि बनलेली स्क्रीन यांतला फरक शोधायचाच मी पगार घेतो.

ताई, डेव्हलपर मुद्दाम वाट लावत नाही. तुम्ही एकच चित्र देता, आणि तेही सगळं सुरळीत असतानाचं. नाव आठ अक्षरांचं, यादीत नेमक्या पाच ओळी, प्रत्येकाचा फोटो आलेला, नेट एकदम चालू. बाकीची दहा चित्रं डेव्हलपर रात्री अकरा वाजता स्वतःच्या मनाने काढतो. मग ती तुमच्यासारखी कशी दिसतील?

आमच्याकडे हॅन्डऑफच्या वेळी, म्हणजे डिझाइन डेव्हलपरच्या हाती देताना, मी हेच विचारत सुटतो. यादी रिकामी असेल तर काय दिसेल? पहिल्यांदाच आलेल्या माणसाची रिकामी यादी आणि फिल्टर लावल्यामुळे रिकामी झालेली यादी, दोन्हींना एकच वाक्य का? सर्व्हरकडून उत्तर यायला वेळ लागला तर? इथे जुना ठोकताळा अजून चालतो: सेकंदाच्या दहाव्या भागात झालं तर माणसाला लगेच झाल्यासारखं वाटतं, एका सेकंदापर्यंत विचारांची लय टिकते, दहा सेकंद गेले की तो दुसरा टॅब उघडतो. म्हणजे तीन ठिकाणी तीन वेगळ्या गोष्टी दाखवायला हव्यात, सगळीकडे तेच गोल फिरणारं चक्र नको. पुढे, अर्धा डेटा आला आणि अर्धा अडकला तर? नाव साठ अक्षरांचं असेल तर ओळ तुटेल, तीन टिंबं येतील की खोका वाढेल? ज्याला बघायची परवानगी आहे पण बदलायची नाही, त्याला बटण दिसेलच का? दिसलं आणि करडं असलं, तर का करडं ते त्याला कळणार कुठून? सेव्ह करताना सेशन (लॉगिनची मुदत) संपलं तर वीस मिनिटं टाइप केलेलं जाईल की राहील?

शेवटच्या प्रश्नाला डिझायनर म्हणतात "ते टेक्निकल आहे". अहो, युजरचा जीव तिथेच जातो की!

सल्ला असा: प्रत्येक स्क्रीनखाली या अवस्था काढा. सगळ्या पॉलिश करू नका, करड्या चौकोनात एक वाक्य लिहिलं तरी पुरे. आणि डिझाइन पूर्ण व्हायच्या आधी, अर्धं कच्चं असतानाच, ज्याला ते बनवायचंय त्याच्याशेजारी अर्धा तास बसा. "हे आपल्या टेबल कंपोनंटमध्ये (आधीच बनवून ठेवलेल्या तक्त्याच्या साच्यात) बसतं का?" हे तेव्हा विचारलं तर दहा मिनिटांत मिटतं. स्प्रिंट (ठरलेल्या मुदतीतली बनवायची फेरी) सुरू झाल्यावर विचारलं तर भांडण.

कोराकागद

@टेस्टरकाका, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून लावतेय. खरंच मी आजवर एकच चित्र देत होते.

@आडवीरेघ, चिठ्ठी आणि एक्सेलचा मुद्दा पटला. पण युजरला डिझाइन वापरायला देऊन बघायचं, त्या टेस्टिंगला माणसं किती लागतात? आमचे प्रॉडक्ट मॅनेजर म्हणतात पाच-सहा लोकांवरून काही सिद्ध होत नाही.

पिक्सेलपंडित

पाच पुरतात. याकोब नील्सन आणि टॉम लँडाउअर या संशोधकांचं १९९३ चं गणित आहे, डोळे झाकून सांगा.

अर्धविराम

डोळे झाकून नको. त्या गणितात एका युजरमागे सरासरी ३१ टक्के अडचणी सापडतात असं धरलंय, म्हणून पाच जणांत साधारण ८५ टक्के सापडतात. तुमच्या प्रॉडक्टमध्ये तो दर कमी असू शकतो. अर्ज भरणारा, मंजुरी देणारा आणि रिपोर्ट काढणारा ही तीन वेगळी माणसं असतील, तर तिघांचे मिळून पाच घेऊन भागणार नाही.

तरी पण मॅनेजर साहेबांचं म्हणणं चुकीच्या जागी आहे. पाच जणांवरून "किती टक्के लोक अडकतील" हे सांगता येत नाही, हे बरोबर. पण पाचांपैकी चार जण "पुढे" बटण शोधत राहिले, तर ते बटण सापडत नाही हे कळायला टक्केवारी कशाला हवी? अडचण शोधणं वेगळं, अडचण मोजणं वेगळं. एकदाच पंधरा लोक जमवण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन फेऱ्या करा आणि दर फेरीनंतर डिझाइन दुरुस्त करा. नील्सनचाही सल्ला हाच होता, लोक फक्त पाचाचा आकडा उचलतात.

अवांतर: तसंच "मेन्यूत सातच गोष्टी ठेवा" कोणी सांगितलं तर दुर्लक्ष करा. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलरचा १९५६ चा तो निबंध माणूस किती गोष्टी डोक्यात धरून ठेवू शकतो याबद्दल आहे. मेन्यू समोर दिसत असतो, पाठ करावा लागत नाही.

पिक्सेलपंडित

मान्य. "डोळे झाकून" मागे घेतो, पाच मागे घेत नाही.

सहावाटॅब

पहिल्या मुद्द्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून मी बोलते.

"स्क्रीन चांगली करून दे" ही तक्रार घेऊन मॅनेजरकडे गेलात तर तो म्हणेल, मग काय हवंय तुला? त्यापेक्षा काम घ्या, आणि सुरू करायच्या आधी चार ओळींची एक नोट त्यांनाच पाठवा: ही स्क्रीन कोण वापरतं, कुठलं काम उरकायला येतं, आज ते कुठे बिघडतं, आणि बदलानंतर काय वेगळं दिसायला हवं. शेवटी एवढंच, "यात काही चुकलं असेल तर सांगा, नाहीतर हे धरून उद्या सुरू करते." बहुतेक वेळा दुसऱ्या किंवा तिसऱ्या ओळीवर उत्तर येतं. ती चर्चा म्हणजेच तुम्हाला हवी असलेली मीटिंग, फक्त मीटिंग हे नाव न देता.

आणि निर्णयांची नोंद ठेवा. एक साधं पान: तारीख, काय ठरलं, काय नाकारलं, का नाकारलं, कोण हजर होतं. तीन महिन्यांनी कोणीतरी वरिष्ठ येऊन म्हणतात, "हे ड्रॉपडाऊन का नाही केलं?" तेव्हा तेच पान उघडायचं. वाद जिंकायला नव्हे, तोच वाद नव्याने न घालायला. रिव्ह्यूमध्येसुद्धा "कसं वाटतंय?" असं विचारलंत की सगळ्यांची आवडनिवड टेबलावर येते. "मंजुरी देणाऱ्याला थकलेले अर्ज आधी दिसायला हवेत असं ठरलं होतं, ते इथे होतंय का?" असं विचारलं की निळा आवडणारे आणि हिरवा आवडणारे दोघेही गप्प होतात.

एक गोष्ट सांभाळा. तीन पर्याय दाखवायची सवय लावून घेऊ नका. लोक एकाचं डोकं आणि दुसऱ्याचं धड जोडतात. तुम्हाला योग्य वाटतो तो एक दाखवा, बाकीचे का सोडले ते तोंडी सांगा.

आडवीरेघ

शेवटच्या परिच्छेदाशी असहमत. सुरुवातीच्या कच्च्या टप्प्यात दोन-तीन दिशा दाखवल्या तर लोक मोकळेपणाने बोलतात. एकच दाखवलं की एकतर मान डोलावतात, नाहीतर सगळंच मोडीत काढतात. पक्क्या डिझाइनला मात्र तुमचं म्हणणं लागू.

सहावाटॅब

कच्च्यापुरतं मान्य.

कोराकागद

सगळ्यांना धन्यवाद. आता एक प्रत्यक्षातलं उदाहरण देते, त्यावर चिरफाड करा.

मंजुरीची स्क्रीन आहे. डावीकडे अर्जांची यादी, उजवीकडे अर्जाचा तपशील, खाली "मंजूर" आणि "नामंजूर" ही दोन बटणं शेजारी शेजारी, एकाच मापाची. दाबलं की खिडकी येते: "तुम्हाला खात्री आहे का?" खाली "हो" आणि "नाही". सपोर्टची तिकिटं बघितली (आडवीरेघ यांची कृपा), तर चुकून नामंजूर झालेल्यांचा ढीग निघाला. टीम म्हणते खात्रीची खिडकी लाल करू आणि एकऐवजी दोनदा विचारू.

टेस्टरकाका

दोनदा विचारलं की लोक दोनदा हो दाबतात. जास्त जोरात.

अर्धविराम

खात्रीच्या खिडकीबद्दल दोन जगजाहीर प्रकरणं टीमला सांगा, लाल रंगाचा विषय आपोआप संपेल.

पहिलं सिटीबँकेचं, ऑगस्ट २०२०. रेव्हलॉन कंपनीच्या कर्जावरचं सुमारे ७८ लाख डॉलर व्याज कर्ज देणाऱ्यांना पाठवायचं होतं, मुद्दल मात्र बँकेच्या आतल्याच खात्यात वळवायची होती. त्यासाठी स्क्रीनवर तीन वेगवेगळ्या जागी खूण करून अंतर्गत खातं द्यावं लागायचं: प्रिन्सिपल (म्हणजे मुद्दल), फ्रंट आणि फंड. फक्त प्रिन्सिपलला दिलं गेलं. नावावरून कोणालाही तेवढंच पुरेसं वाटेल. तीन जणांनी तपासून मंजूर केलं आणि सुमारे ९० कोटी डॉलर बाहेर गेले. इशाऱ्याची खिडकी आली होती हं! पण त्यात पैसे बँकेबाहेर जाणार एवढंच होतं, किती ते नव्हतं. आणि थोडे पैसे तर बाहेर जायचेच होते, त्यामुळे इशारा खरा वाटला आणि काहीच कळलं नाही. सुमारे ५० कोटी परत मिळेनात म्हणून कोर्टकचेरी झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल बँकेच्या विरोधात गेला, सप्टेंबर २०२२ मध्ये अपिलात तो फिरला.

दुसरं अमेरिकेतल्या हवाई राज्याचं. १३ जानेवारी २०१८ ला क्षेपणास्त्र येतंय असा खोटा इशारा सगळ्यांच्या फोनवर गेला आणि तो खोटा होता हे त्याच मार्गाने कळवायला ३८ मिनिटं लागली. डिझायनर लोक याचं एक मेन्यूचं चित्र फिरवतात आणि "बघा, चुकीचं बटण दाबलं" म्हणतात. ते चित्र खऱ्या सिस्टीमचं नव्हतंच. चौकशीत असं निघालं की कर्मचाऱ्याला हल्ला खरा वाटला होता. आपल्या कामाच्या दोन गोष्टी त्या चौकशीत आहेत: सरावाचा इशारा असो की खरा, खात्रीचा प्रश्न शब्दशः तोच यायचा, आणि इशारा मागे घेण्याचा मजकूर तयार ठेवलेलाच नव्हता.

म्हणजे खिडकीत नेमकं काय होणार ते लिहा, आणि झालेलं परत फिरवायची वाट आधीच तयार ठेवा.

सहावाटॅब

यावरून कोराकागद यांच्या स्क्रीनचं असं करता येईल.

"हो/नाही" काढून टाका. बटणावर क्रियापदच हवं: "अर्ज नामंजूर करा" आणि "परत जा". मजकुरात अर्जदाराचं नाव आणि रक्कम किंवा जे काही महत्त्वाचं असेल ते. वाचायची सवय सुटलेल्या माणसालाही नाव चुकीचं दिसलं की खटकतं.

पण माझं मत विचाराल तर खिडकीच नको. मंजूर दाबलं की अर्ज यादीतून बाजूला जावा आणि "मंजूर केला. मागे घ्या" ही पट्टी थोडा वेळ राहावी. अर्जदाराला कळवणारा ईमेल ती मुदत संपल्यावरच सुटावा. नामंजुरीला तसंही कारण द्यावं लागत असेल ना? मग कारणाची यादी हाच थांबा. कारण निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि चुकून दाबलेल्याला तिथेच कळतं. मुद्दाम अडवणारा प्रश्न टाकण्यापेक्षा कामातलाच एक टप्पा अडवू दे.

टेस्टरकाका

"ती मुदत संपल्यावरच" म्हणजे किती? आणि तेवढ्यात ब्राउझर बंद केला तर मंजुरी धरायची की नाही? हे डेव्हलपरला आधी विचारा, नाहीतर बग माझ्याकडे येतो.

मुकीबटणं

उशिरा आले, पण दोन गोष्टी राहिल्या.

मंजूर हिरवं आणि नामंजूर लाल एवढ्यावर भागवू नका. लाल-हिरव्यात गोंधळ होणारे पुरुष उत्तर युरोपीय वंशात साधारण बारामागे एक, इतरत्र कमी पण आहेतच. शब्द आणि चिन्ह सोबत हवं. मजकुराचा आणि मागच्या रंगाचा कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) किमान ४.५ ला १, मोठ्या अक्षरांना ३ ला १. फिक्या करड्या रंगातल्या सूचना फक्त डिझायनरच्या महागड्या मॉनिटरवर दिसतात. दाबायच्या जागेला डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये (सगळ्यांना वापरता येईल अशा वेबसाठीचे निकष), म्हणजे ऑक्टोबर २०२३ पासून, किमान २४ बाय २४ पिक्सेल सांगितलेत. फोनवर ॲपल ४४ पॉइंट आणि गुगल ४८ डीपी सांगतं, तेच धरा.

आणि दिवसभर अर्ज उरकणारी माणसं माउसला हात लावत नाहीत. टॅब दाबत जाऊन बघा, फोकस (कीबोर्डने निवडलेली जागा) कुठे आहे ते दिसतं का? "नामंजूर"वर तो आपोआप येऊन बसतो का? तसं असेल तर एंटर दाबणाऱ्याच्या हातून चुका होणारच, तिकिटांचा ढीग तिथूनच आला असेल. डेव्हलपरला दोन मिनिटं विचारून घ्या.

प्रॉडक्ट देवनागरीत असेल तर आणखी एक. इंग्रजी अक्षरांवर मापं ठरवून ओळींची उंची घट्ट केली की वरचा रफार आणि खालचा उकार कापला जातो. डिझाइन करतानाच "वैशिष्ट्यपूर्ण", "कर्मचाऱ्यांची" असे शब्द टाकून बघा, "मजकूर मजकूर" नको.

कोराकागद

@मुकीबटणं, आत्ताच बघितलं. खिडकी उघडली की फोकस "हो"वर असतो. आणि यादीतून खाली बाण दाबत आलं की आधी "नामंजूर" लागतं. कोणीतरी एंटर-एंटर करत गेलं की संपलं.

टेस्टरकाका

सापडलं की. आता लाल रंग करा म्हणणाऱ्यांना कीबोर्ड द्या आणि माउस काढून घ्या.

वाचनमात्र

वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न: असलं काम पोर्टफोलिओत कसं दाखवायचं? बाहेरून तर स्क्रीन होती तशीच दिसणार.

आडवीरेघ

हेच दाखवायचं. मुलाखत घेताना मी चकचकीत स्क्रीन दोन सेकंद बघतो. तिकिटं वाचली, फोकस चुकीचा होता हे निघालं, टीमला लाल खिडकी हवी होती, ती का टाळली, त्याऐवजी काय केलं. दोन-तीनच प्रकल्प ठेवा, पण असे. तुमचा हिस्सा कुठला आणि बाकीच्यांचा कुठला ते स्पष्ट लिहा, ते पहिल्या पाच मिनिटांत विचारलं जातंच. कंपनीची माहिती गोपनीय असेल तर नावं आणि आकडे बदलून स्क्रीन नव्याने काढा, आणि करारात काय लिहिलंय ते आधी वाचा.

कोराकागद

शेवटचा प्रश्न. बदलानंतर फरक पडला हे मॅनेजरना कसं दाखवू?

अर्धविराम

या स्क्रीनसाठी सोपं आहे. चुकून नामंजूर झाल्याची तिकिटं दर आठवड्याला किती, आणि नामंजूर होऊन त्याच दिवशी पुन्हा उघडलेले अर्ज किती. हे दोन आकडे बदल बाहेर जाण्याआधीच काढून ठेवा, नंतर कोणी शोधून देत नाही. एका अर्जाला लागणारा वेळही बघा, कारण कारणांची यादी टाकल्यावर तो थोडा वाढू शकतो आणि तो प्रश्न येणारच.

एकूण प्रॉडक्टसाठी वर्षातून एक-दोनदा एसयूएस घ्या. जॉन ब्रुक यांची १९८६ ची दहा प्रश्नांची प्रश्नावली आहे, भरायला दोन-तीन मिनिटं. गुण शून्य ते शंभर येतात पण ती टक्केवारी नाही: सरासरी ६८ च्या आसपास असते, त्यामुळे ७० आले की "सत्तर टक्के लोक खूश" असं सांगू नका. आणि एसयूएसवरून काय बिघडलंय ते कळत नाही, त्याला परत तिकिटांकडेच जावं लागतं.

टेस्टरकाका

आणि नवीन स्क्रीन टेस्टिंगला द्याल तेव्हा साठ अक्षरी नावाचा एक अर्जदार सोबत द्या.